आज एकही पेशंट नाही

१ सप्टेंबर २००३, ट्युनिस

आजपासून कोडची एक ओळही हाताने लिहायची नाही. कुणाला लिहूही द्यायची नाही.

नवं टूल आलं. पडद्यावर चौकटी काढायच्या: पेशंट, मशीन, नर्स, पाळी. एक चौकट म्हणजे एक क्लास, प्रोग्राममधला एक साचा. कुणाजवळ काय आहे, कोण काय करतं, ते चौकटीत लिहायचं. बाणांनी जोडायचं. बटण दाबायचं. कोड आपोआप तयार! आज मादाम सलवांसमोर दाबून दाखवलं. फायलींचा ढीग पडला. आमच्या या डायरेक्टरीणबाई सहसा कशाने हलत नाहीत. आज डावी भुवई हलली. डायलिसिस केंद्राचं काम मलाच मिळालं. ऑक्टोबरात चालू करून द्यायचं आहे.

घरी बायकोला, नजातला सांगितलं. म्हणाली, "माझी आई त्याच केंद्रात जाते, मोंजी. सांभाळून कर." कौतुक करायची तिची ही पद्धत आहे.

४ सप्टेंबर

माझ्या हाताखाली दोरसाफ नावाची प्रोग्रामर आहे. हुशार, पण जुन्या वळणाची. वय एकोणतीस.

तिने फायली उघडून पाहिल्या. "सी मोंजी, नुसत्या भिंती उभ्या राहिल्यात. आत चूल नाही की पाणी नाही. 'आजचे पेशंट शोधा' असं नाव दिलंय, पण शोधायचे कसे, ते कुठाय?"

मी म्हटलं, पाळीपासून पेशंटकडे बाण गेलाय ना?

"बाण काय डोंबल शोधणार?"

उद्धट. तोंडाने 'सी', म्हणजे साहेब, म्हणायचं आणि वर हे. मग चहातला पुदिना चघळत बसली. मत्सर माणसाला असा पोखरतो.

१२ सप्टेंबर

दोरसाफ त्या भिंतींच्या आत हाताने कोड भरते आहे. चालू दे. गवंड्याने घर बांधलं की कुणीतरी चुना लावतंच.

जेवणावर सासूबाई होत्या. लल्ला झोहरा, 'लल्ला' हे मानाने म्हणायचं. आठवड्यातून तीनदा मशीनवर जातात. मीठ बंद, पाणी मोजून. कुसकुसाकडे अशा बघतात की घास घशाखाली उतरत नाही. त्यांना डायग्राम दाखवला. "ही चौकट म्हणजे तुम्ही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. विचारलं, "यातली मी बरी होते का रे?"

मी म्हटलं, सिस्टिम सगळं बघेल. त्यांनी माझा हात धरला. घरात माझी किंमत कळणारं एकच माणूस.

३० सप्टेंबर

दोरसाफचा करार आज संपला. वाढवायची गरज नाही, असं मीच मादामना सांगितलं होतं. टूल असताना चुना लावणारे कशाला पोसायचे?

जाताना दारात उभी राहून म्हणाली, "सी मोंजी, नंतर बटण दाबाल तर आधी माझ्या फायलींची प्रत काढून ठेवा. ते टूल मागचं पुढचं बघत नाही."

मी हसलो. गेलेल्या माणसाला आपल्यावाचून अडेल असं वाटतच असतं. उद्या प्रत काढतो.

१० ऑक्टोबर

प्रत काढायची राहिली.

डायग्राम पुन्हा पाहिला. 'पेशंट' हा शब्द फारच सामान्य. 'लाभार्थी' केलं. भारदस्त! दोन बाण सरळ केले. बटण दाबलं. सगळ्या फायली नव्याने आल्या. कोऱ्या, नीटनेटक्या, दोरसाफची गिचमिड कुठे दिसतच नाही. एकही एरर नाही! तिच्या वेळी रोज एररची माळ लागायची.

चालवून बघायला हवं होतं, पण एरर नसताना काय बघायचं?

२० ऑक्टोबर, सोमवार, दुपार

उद्घाटन. केंद्रात नवा कॉम्प्युटर, वर फुलं. नियमही नवा: पडद्यावरून चिठ्ठी निघाल्याशिवाय मशीन लावायचं नाही. हबीबा नर्सने कळ दाबली. पडद्यावर आलं: "आज एकही पेशंट नाही."

समोर बाकांवर पेशंट बसलेले.

हबीबा म्हणाली, "मग हे कोण, लग्नाचे वऱ्हाडी?"

मी म्हटलं, तुम्ही कळ चुकीची दाबली असेल. तिने पुन्हा दाबली. मी दाबली. एकही पेशंट नाही. आरडाओरडा झाला, एका म्हाताऱ्याने माझ्या अंगावर काठी उगारली. शेवटी हबीबाने आपल्या अधिकारात, आठवणीने सगळ्यांना मशीनवर लावलं. अडाणी पद्धत, पण निभावली.

किरकोळ गोष्ट आहे. डायग्राम निर्दोष आहे.

२१ ऑक्टोबर, मोठं हॉस्पिटल, सकाळ

सासूबाई काल त्या आरडाओरड्यात नव्हत्या.

पडद्यावरचं त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि टॅक्सीने घरी गेल्या. शेजारणीला म्हणाल्या, "अल्लाची कृपा! मशीन म्हणालं, आज कुणी आजारी नाही. माझ्या जावयाचं मशीन आहे, ते खोटं कसं बोलेल?" मग शेजारणीकडून वाडगाभर सूप घेतलं, खारट. वर ऑलिव्ह. वर पाणी, पोटभर. कितीतरी वर्षांनी पोटभर.

संध्याकाळी श्वास लागला. फुप्फुसात पाणी.

वाचल्या. पहाटे डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.

नजात बाकावर बसली होती. मी समजावलं, की शोधण्याची क्रिया होती, फक्त आतून रिकामी होती, त्यामुळे रिकामी यादी आली. म्हणजे तसं बघितलं तर सिस्टिमने चूक केली नाही. म्हणाली, "आई मरता मरता तुझं कौतुक करत होती, मोंजी. तू बाहेर जाऊन बस."

बाहेर बसून हे लिहितो आहे. ताण आहे तिच्यावर.

२४ ऑक्टोबर

मादामनी बोलावलं. दोरसाफ आधीच येऊन बसलेली. तिने जाताना आपली प्रत बरोबर नेली नव्हती, कंपनीचा माल म्हणून. आता सगळं पहिल्यापासून लिहिणार. हाताने. प्रमुख तीच.

मी म्हटलं, टूलमध्ये सुधारणा करून... मादाम म्हणाल्या, "सी मोंजी, आज तुम्ही बोलू नका."

डावी भुवई जराही हलली नाही.

नजात आईकडे राहायला गेली. तात्पुरतं.

३ नोव्हेंबर

रमजानचा पहिला आठवडा संपला. काम मिळालं! टूल उलटंही चालतं: लिहिलेल्या कोडवरून ते डायग्राम काढतं. दोरसाफ कोड लिहिते, मी बटण दाबतो, चित्र येतं. चौकटी एकमेकींवर चढलेल्या असतात, त्या सुट्या करायच्या. याला नजर लागते. येरागबाळ्याचं काम नाही.

११ नोव्हेंबर

नवं सॉफ्टवेअर चालू झालं. हबीबाने कळ दाबली, सगळी नावं आली, लल्ला झोहरांचंही. मला बोलावलं नव्हतं. टाळ्या झाल्या म्हणे.

डायग्राम मोठ्या कागदावर छापून दोरसाफच्या टेबलावर ठेवला. एकही रेष दुसरीला छेदत नाही. ती खरंच नीट बघत राहिली. मग म्हणाली, "सुंदर झालंय, सी मोंजी. कुणी मागितलं होतं का?"

कुणी नव्हतं. तिने तो गुंडाळून मलाच परत दिला. हळुवारपणे. तिने फेकून दिला असता तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

उपास. ऑफिसातून लवकर निघालो. दुपारी चारला नजातच्या आईकडे फोन केला. नजातनेच घेतला. म्हटलं, लल्ला झोहरांशी बोलायचंय, माफी वगैरे नाही, सहज.

म्हणाली, "आई झोपलीय."

म्हटलं, मग तू बोल.

म्हणाली, "मीपण झोपलेय," आणि फोन ठेवला.