फ्री म्हणजे मोकळी

१ नोव्हेंबर १९५६
राज्य बदललं. नांदेडकडचं माझं माहेर, सासर – सगळं मुंबई राज्यात गेलं. आम्ही राहतो ते हैदराबाद आंध्रात. ऑफिसं वाटली, माणसंही वाटली. ह्यांच्या वाट्याला मुंबई आली. दसरा झाला तसे गेले. "क्वार्टर मिळालं की दोघींना नेतो." दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. दिवाळी आहे. चकल्या तेवढ्या केल्या.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या कुसुमताई नारायणगुड्याला शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे इंग्रजी सुरू केलं. मुंबईत भाजीवालाही इंग्रजी बोलतो, असं सासूबाईंना कुणीतरी सांगितलंय.

१५ जानेवारी १९५७
काल संक्रांत. हे आले होते. सासूबाई देवळात गेल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी गुळाच्या पोळ्या करत होते.
"मुंबईत एक आहे. ऑफिसातली. मी तिच्याकडेच राहतो."
मी पोळी उलटली.
"तुला बांधून ठेवायचं नाही मला. तू फ्री आहेस." तेवढं इंग्रजीत. "आईला इतक्यात सांगू नकोस. जागा झाली की तिला घेऊन जाईन."
संध्याकाळच्या गाडीनं गेले. डब्यात पोळ्या दिल्या मी! का दिल्या, माहीत नाही.

१६ जानेवारी
कुसुमताईंना विचारलं, फ्री म्हणजे काय?
"विशेषण आहे. आमची शाळा फ्री – फी नाही. ती खुर्ची फ्री – कुणी बसलेलं नाही. कैदी फ्री – सुटला. कुणाला लावलंय ते बघायचं, मग अर्थ कळतो. कर बघू एक वाक्य."
मी म्हटलं, "आय ॲम फ्री."
"छान. म्हणजे आज तुला काम नाही."
"आणि नवरा बायकोला म्हणाला तर?"
त्यांनी पुस्तक मिटलं. मग हळू म्हणाल्या, "मग तो स्वतःबद्दल बोलतोय, भामा."
घरी आले. टकळीवर सूत उरलं होतं, ते गुंडाळलं.

१७ जानेवारी
तव्याचा चटका बसला. कळलंच नाही. फोड संध्याकाळी दिसला.

४ फेब्रुवारी
कुसुमताईंनी हेडबाईंशी बोलून मला पहिलीच्या मुली दिल्या. मराठीचा वर्ग. सासूबाई म्हणाल्या, "नोकरी कशाला गं? आज ना उद्या बिऱ्हाड हलायचं."
"तोवर," म्हटलं.
रात्री त्या मुंबईच्या बिऱ्हाडात देव कुठल्या भिंतीला ठेवायचे ते सांगत होत्या. मी हो म्हणत होते.

२ मार्च
घरमालक येऊन गेले. "घर कब खाली करते अम्मा?" खाली म्हणजे रिकामं. हाही फ्रीच.
माहीत नाही म्हटलं.

२० मार्च
काही नाही. मुलींना ‘घ’ काढायला शिकवला.

१८ एप्रिल
माधव आले. ह्यांचं नाव पहिल्यांदाच लिहिलं.
सासूबाईंनी देव फडक्यात बांधले. लोणच्याची बरणी बांधली. मग माझी ट्रंक कुठाय ते शोधायला लागल्या.
"अन् ही?"
"तिची शाळा आहे. सुट्टी लागली की येईल."
सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली. माझं खोटं मलाच इतकं सोपं जाईल, वाटलं नव्हतं. निघताना सांगायचं का? म्हाताऱ्या जिवाला मुलाशिवाय कोण आहे? मी कोण? खुर्चीवरून उठलेली.
उद्या सकाळी दोघं काचीगुडा स्टेशनावरून निघणार. मी शाळेत असेन. तेच बरं.

१९ एप्रिल
शाळेतून आले तर सासूबाई ओट्यावर. शेजारी गाठोडं, बरणी.
"गाडीत बसल्यावर सांगितलं त्यानं. तिकडं घरात आहे तिला सून म्हणायचं म्हणे. मी उतरले. रिक्षावाल्याला आपलं चिक्कडपल्ली म्हणता येत होतं मला."
मग म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं. एकटीनं गिळलंस. कुलूप काढ आता, ऊन लागतंय."
किल्ली लावत राहिले. कुलूपच दिसेना.