शेवटच्या पोलावरची साखळी

आबा,

तुमचा दमा कसा आहे? तिकडं वार्निशचा वास नसणार, म्हणजे छाती मोकळी झाली असेल, असं मी आपलं धरून चालते. आईच्या टाचांच्या भेगा भरल्या का? तिला सांगा, मी अजून तिच्यासारखंच मेण आणि खोबरेल एकत्र कढवून लावते, पण तिच्या हातचा गुण काही येत नाही. आत्याची अर्धशिशी थांबली का? आणि आपल्या दुकानाच्या पायरीवर पसरलेली असायची ती तीन पायांची मांजर, ती तुमच्याकडंच असेल. तिलाही विचारलंय म्हणावं. इकडं माझी साखर वरखाली होते, बाकी मुलगा, सून, सगळे बरे आहेत. एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं तर किती छान झालं असतं. पण आबा, चार दिवसांमागं माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचला, आणि त्यानंतर मी जे केलं ते मला त्याहून जड जातंय. अक्षर बघा कसं आलंय, कोंबडीनं उकरल्यासारखं. 

पहिल्यापासून सांगते. मुलानं विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. चारचाकी. पेट्रोल नाही, डिझेल नाही, पोटाखाली भली मोठी बॅटरी आणि चाकाला मोटर. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी घोंगडं पसरून तिच्याखाली शिरला असता आणि जेवायला हाका मारून आईचा घसा बसला असता. आणि गंमत म्हणजे, ही गाडी जशी घरातली वीज पिते तशी परतही देते. चार्जिंगच्या तोंडाला एक डबी बसवायची, की तिच्यातून भिंतीतल्या सॉकेटसारखी तीन पिनांची लाईट मिळते. आमचं घर गडमुडशिंगीच्या पार टोकाला, लाईनीच्या शेवटच्या पोलावर. वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा. सूनबाई राजारामपुरीतल्या एका क्लासचं गणित घरी बसून कॉम्प्युटरवर शिकवते. चार वाजता पोरं समोर हजर असतात. मुलानं बजावलं होतं, "आई, त्या डबीला एक्स्टेन्शन लावायचं, एक पंखा आन् तिचं इंटरनेट. एवढंच." पण मी मोटर भरणाऱ्याची पोर. म्हटलं, अख्खं घर चालवण्याएवढी ताकद पोटात असताना एका पंख्यावर काय भागवायचं? मी बसले सोप्यात आणि दहा मिनिटांत एक वायर तयार केली. एक टोक गाडीच्या डबीत, दुसरं व्हरांड्यातल्या सॉकेटात. दोन्ही टोकांना पिना.

आत्ता तुम्ही उठून बसला असाल.

मला ठाऊक आहे तुम्हाला काय आठवलं. हुपरीतलं आत्याचं लग्न. मी बारा वर्षांची. तुमच्या शेजारी बसून चांदीवाल्यांच्या पॉलिशच्या छोट्या मोटरा भरायला शिकले होते. तांब्याच्या तारेचे वेढे तोंडानं मोजायची, आणि मोटर उघडली की आत साठलेली चांदीची धूळ तुम्ही कागदात पुडी बांधून ज्याची त्याला परत द्यायचा. लग्नाच्या दिवशी लाईट गेली. भाड्यानं आणलेला जनरेटर मांडवाच्या मागं, आणि त्याची वायर घरापर्यंत पोचायची पण घरातल्या बोर्डाला जोडायची कशी, ते कुणाला कळेना. मला कळलं. दोन्हीकडं पिना लावल्या आणि दिली खुपसून. घर उजळलं, बायकांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि दोन घरं पलीकडं पोलावर चढलेला वायरमन झटका बसून खाली कडब्याच्या गंजीवर आदळला. गंज होती म्हणून जगला. हाताची दोन बोटं मात्र वाकडी राहिली. घोळका जमला. ज्यांच्या विहिरीवरची मोटर तुम्हीच भरायचा, पण प्यायचं पाणी तुमच्या ओंजळीत वरूनच पडायचं, ती माणसं सगळ्यांत पुढं होती. "कुणी जोडलं हे?" तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "जोडणी माझी. चूक माझी," म्हणालात. त्यांनी लगेच मानलं. इतक्या लगेच मानलं, की त्याचंच मला रडू आलं. पुढं वर्षभर एकाही बागायतदारानं मोटर पाठवली नाही. चांदीवाल्यांनी जगवलं आपल्याला.

मारलं नाहीत तुम्ही. पक्कड घेतली, ती वायर मधोमध तोडली आणि एक तुकडा दुकानातल्या बाकाच्या वर खिळ्याला लटकवला. म्हणालात, "बाय, ज्या पिनेतनं करंट बाहेर येतो ती पिन कधी उघडी ठेवू नये. आणि आपलं घर उजळताना तार कुठवर जाते ते आधी बघावं." दुसऱ्या दिवशी तुमचा स्वतःचा टेस्टर माझ्या हातात दिलात. पिवळ्या दांड्याचा. तो अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

आणि त्याच हातांनी मी परत तीच वायर केली. विसरून नव्हे, आबा. आठवत असून केली. वाटलं, आता मी शहाणी आहे, आधी मेन स्विच पाडते, मग गाडी जोडते, म्हणजे घरची वीज बाहेर तारेवर जाणारच नाही. आणि सहा महिने खरंच एकदाही चुकले नाही. बायका बघायला यायच्या. "काय गं, म्हातारीनं मोटारीवर घर चालवलंय म्हणं!" मी पदर सावरून चहा टाकायची. फुगले होते, झालं.

चार दिवसांमागं वाऱ्यानं फांदी पडून तार तुटली. तुटलेल्या तारेच्या अलीकडं फक्त दोन घरं राहिली, आमचं आणि समोरची पिठाची गिरण. दुपारी वायरमन आला. तिशीचा असेल, बोलायला गोड. चढायच्या आधी त्यानं दोन्हीकडं विचारलं.

"मावशी, जनरेटर हाय का घरात? इन्व्हर्टर?"

"न्हाय रं बाबा, आमच्याकडं कसला जनरेटर."

आबा, देवाशपथ, मी खोटं बोलले नाही. दारात उभी होती ती मला मोटार दिसत होती. जनरेटर म्हणजे धूर, डिझेल, खडखडाट. गाडीला कोण जनरेटर म्हणतं? गिरणीवाला म्हणाला, "हाय की, पण हप्ता झाला, डिझेलच न्हाय त्यात." वायरमन हसला आणि खांद्यावरची लोखंडी साखळी सोडायला लागला. काठीनं ती सगळ्या तारांवर टाकायची आणि तिचं खालचं टोक जमिनीत रोवायचं, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता साखळीतून जाते. मी वर त्याची चेष्टा केली. "मेलेल्या तारेला कशाला रं हार घालतोस?" तो म्हणाला, "मावशी, बायको म्हणती घरी दोन पायांनी या. तिला काय सांगू, हार घालायला कट्टाळा आला म्हणून?"

आता होईलच काम म्हणून मी गाडीची वायर काढून ठेवली होती आणि मेन वर केली होती, लाईट आली की कळावं म्हणून. पण काम लांबलं. चार वाजत आले. सूनबाईनं आतून हाक मारली, "आई, पोरं आली!" मी धावत गेले आणि वायर खुपसली. मेन वर आहे हे डोक्यातून साफ गेलं होतं. पंखा फिरला, आणि क्षणात थांबला. गाडीनं टुंग करून तोंड मिटलं. मी चरफडत गाडीत शिरले. बंद पडली की परत चालू करायला पडद्यावरच्या बटणावर बोट ठेवायचं असतं. मी बोट ठेवणार, तेवढ्यात पोलावरून आरोळी आली.

"कोण मारतंय मला? कुणाच्या घरातनं सप्लाय येतोय?"

मी बाहेर आले. तो पोलाला मिठी मारून बसला होता. तोंड पांढरं, कणकेसारखं. साखळी तारांवर लोंबत होती. माझी नजर साखळीवरून तारेवर, तारेवरून आमच्या मीटरवर, आणि तिथून माझ्या वायरीवर गेली.  तुमचं वाक्य कानात वाजलं म्हणावं, तर तेही नाही. काहीच वाजलं नाही. घाईनं वायर उपसली आणि पदराखाली घेतली. हे मी आधी केलं. तो जिवंत आहे का, हे विचारायच्या आधी.

तो खाली उतरला तो थेट गिरणीत. "मालक, माणूस मारायचा हाय काय?" गिरणीवाला शपथा घेतोय, "अरं, टाकी उघडून बघ, थेंब न्हाय!" तर जमलेले म्हणतात, आता न्हाय, मगाशी असंल. वायरमन सारखं सांगत होता, "एकदा न्हाय, दोनदा ठिणगी उडाली. पयल्यांदा वाटलं भास झाला. साखळी नीट करायला हात पुढं केला, तवर दुसऱ्यांदा." कुणीतरी म्हणालं, "भ्यालास म्हणून दोन दिसलं." मी दारात उभी होते. पदराखाली वायर. तोंड उघडलं असतं तर एका शब्दात संपलं असतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी वीज कंपनीच्या लोकांनी गिरणीचं कनेक्शन काढून नेलं. तीन दिवस गिरण बंद. बाया डोक्यावर दळण घेऊन लांबच्या गिरणीला चालल्या, आणि त्यात आमच्या ज्वारीचा डबा घेऊन सूनबाईही. ती डबा उचलताना माझ्याकडं बघत होती.  तिला गाडी बंद पडलेली ठाऊक, आरोळी ठाऊक. गणित शिकवते ती.

चौथ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, गिरणीवाला माझ्याच दारात आला. टोपी हातात घेऊन. एवढा धटिंगण माणूस, खाली बघून बोलत होता. "वैनी, तुमास्नी लाईटीतलं कळतंय. साहेब येणार हायत अकराला. माझा जनरेटर बघून तेवढं सांगा, की ह्यातनं सप्लाय जाऊच शकत न्हाय. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील. आबा, ह्या शब्दासाठी तुम्ही जन्म घासला.

मी शिवणाचा डबा उघडला, पिवळा टेस्टर घेतला, ती वायर घेतली आणि गेले. साहेब होते, वायरमन होता, दळणाच्या आशेनं आलेल्या चार बाया होत्या. वायर जात्याच्या तोंडावर ठेवली आणि म्हटलं, "जनरेटर बघायची गरज न्हाय. जोडणी माझी. चूक माझी." तुमचेच शब्द तोंडात आले, पण तुम्ही दुसऱ्याची चूक अंगावर घेतली होती आणि मी माझीच चार दिवस उशिरा. साहेब दोन्हीकडच्या पिनांकडं बघतच राहिले.  गिरणीवाला म्हणाला, "वैनी, तीन दिस माझ्या दारात चिमणीसुदीक उतरली न्हाय. आन् तुमी समोर बसून भाजी निवडत हुता?" मी म्हटलं, व्हय.  वायरमन पोत्यावर बसला.

"मावशी, मी इचारलंतं."

"इचारलंतंस."

"मग?"

"मोटारीला मी जनरेटर धरलंच न्हाय रं."

 साहेबांनी पक्कड मागवली, पण मी म्हटलं, द्या इकडं, आणि माझ्या हातानं मधोमध तोडली. आता रीतसर माणूस येऊन असा स्विच बसवणार आहे, की एक तर तारेची लाईट, नाही तर गाडीची. दोन्ही एकत्र भेटायचीच नाहीत. तोवर एक पंखा आणि इंटरनेट. गिरणीचं कनेक्शन संध्याकाळपर्यंत जोडून दिलं. वायरमनला चहा घे म्हटलं, तर त्यानं घेतला नाही. निघताना मान खाजवत म्हणाला, "मावशी, एक सांगा. ते दोनदा झालं न्हवं?"

बाया हसायला लागल्या. त्यानंही हसून घेतलं.

मी म्हटलं, "एकदाच."

तुम्हाला मी वर लिहिलं ना, की बोट ठेवणार, तेवढ्यात आरोळी आली? ठेवणार नव्हे, आबा. ठेवलं होतं. पहिल्यांदा गाडी का बंद पडली हे न बघता मी दुसऱ्यांदा चालू केली, आणि त्याचा हात तेव्हा तारेजवळ होता. वायरमनचं खरं होतं. त्याला अख्खा गाव भित्रा म्हणतोय, आणि आता तोही स्वतःला तेच म्हणत असेल. सगळं कबूल करून आले आणि हे एवढं पदराखालीच राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही. टेस्टरखाली घडी करून ठेवते. तुम्ही रागवा, काय वाटेल ते बोला, पण दोन ओळी लिहा. लवकर लिहा. तो वायरमन परवा मीटर बघायला येणार आहे.