चौथं टेबल

३ नोव्हेंबर, सोमवार
स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आले आणि पहिल्याच दिवशी वेलचीचा बन! आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस म्हणजे बंदरावरचं हेरिंग माशांचं जुनं गोदाम. माणसं सात. मला काम शिकवणार गुनिल्ला. साठीची, मायाळू, जीभ मात्र तिखट. तिनेच मला चौथं टेबल दिलं, खिडकी आहे म्हणून. म्हणाली, "स्वेआबाई, भूक लागली की सांगायचं, लाजायचं नाही." आईच भेटली म्हणायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शुक्रवारी तीनच्या कॉफीला इथे सोडत असते. ऑफिसनेच लिहिलेला प्रोग्राम एक ते सातमधला एक रँडम आकडा काढतो. त्या टेबलाच्या माणसाने तळघरात जाऊन बॅकअपची टेप बदलायची, वहीत सही करायची. आज चार! इथे कुणाचा वशिला चालत नाही, असं गुनिल्ला ऐटीत म्हणाली. तळघर गारठलेलं. मागच्या कपाटापाशी मात्र ऊब होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पुन्हा चार. सगळे हसले, मीही. कपाट थोडं पुढे आलंय, की मलाच भास?

१७ नोव्हेंबर, सोमवार
सोडतीचा प्रोग्राम वाचला. तो ज्या फंक्शनल भाषेत लिहिलाय, तिथे फंक्शन लहरी नसतं: सुरुवातीला तेच बीज, म्हणजे तीच संख्या द्या, तोच आकडा येणार. म्हणून ते आकड्यासोबत नवं बीजही देतं. पुढच्या सोडतीला ते वापरायचं. इथे नवं फेकून दर वेळी जुनंच दिलंय. अगदी शिकाऊ चूक! दुरुस्त केली. गुनिल्लाने पाठ थोपटली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चार. माझी दुरुस्ती कुणीतरी काढलीय. बदल करणाऱ्याचं नाव – गुनिल्ला.
कपाट जिन्याशी आलंय. आत कुणीतरी श्वास घेतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
चूक नव्हतीच. हजारो बीजं तपासून तिने चार देणारं शोधलंय. वहीत गेल्या नोव्हेंबरात मालिन, त्याआधीच्या नोव्हेंबरात सिक्स्टेन. दोघंही नवखे, दोघंही चौथ्या टेबलावर. तीन-तीन सह्या. चौथी कुणाचीच नाही.
आणि मी तिला आई म्हटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
तोंडावर विचारलं. रडली. वर्षाला एक माणूस दिला नाही तर ते वर येतं, म्हणाली. या वेळी मीच जाते, तू फक्त जिन्यावर दिवा धर. तिने शपथ घेतली. तिला एकटीला कसं सोडू?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पाठीवर तिचाच हात होता. ढकललं. दार बाहेरून बंद –
कपाट उघडं –
वर तिचा आवाज. मुलाखतीला कुणीतरी आलंय. त्याला सांगतेय, चौथं टेबल घे, खिडकी आहे. भूक लागली की लाजायचं ना–
ओरडतेय मी, कुणी का ऐकत –
ऊब. मानेवर –