तिमिरची आई कोण, हे कळायच्या आत

मी, हिंमतराव, वय ७१, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरणे, म्हणजे तांब्याच्या तारेनं पुन्हा गुंडाळणे, राहणार येरमाळा, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणाच्या दबावाखाली नाही. फक्त जीव थाऱ्यावर नाही. सोमवारी सोलापूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, आणि ‘धुकेगड’ या कादंबरीमालेचा सातवा, शेवटचा भाग अजून छापखान्यातच अडकलाय. म्हणून हे मृत्युपत्र घाईनं लिहून ठेवतो.

१. राहतं घर व दोन एकर माळ मुलगा रणधीर यास. मागल्या दारचा लिंब तोडायचा नाही. तोडलास तर बघ!

२. दुकान व सगळी हत्यारं त्यालाच. धुळाप्पानं नेलेला मोठा पाना अजून आलेला नाही. तेराव्याला जेवायला येईल तेव्हा मागून घ्यावा.

३. बँकेतली ठेव नात हर्षाली हिच्या शिक्षणासाठी. धुकेगडचे सहा भागही तिलाच, कारण हे वेड तिनंच लावलं. पहिला भाग ती दुकानात विसरून गेली आणि मी मोटारी बाजूला ठेवून वाचून काढला. त्यातला तिमिर हा नावाड्यानं वाढवलेला पोर. त्याची खरी आई कोण, यावर हर्षालीच्या मोबाइलवरल्या ग्रुपात रोज हाणामारी चालते. माझं म्हणणं, परागंदा राणी इरावती. धुकं राजवंशालाच वाट देतं, आणि ते तिमिरला देतं. ग्रुपात याला ‘येरमाळा थिअरी’ म्हणतात, हे इथं मुद्दाम नोंदवतो.

४. बाबामियाँ शिंपी, माझा मित्र, दुकानाला दुकान लागून. त्यानंही सहा भाग वाचले आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, “पाचव्या भागात धुक्यानं गाढवालाबी वाट दिली की! मग ते काय राजपुत्र व्हय?” लोक हसले. मीही हसलो असतो. पण तो पुढं म्हणाला, “जिनं टाकलं तिला कशाला धुंडाळतोस?” दिवाळीपासून मी त्याच्याशी बोललो नाही.

त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून लई लागलं. मला चौथ्या वर्षी तेरहून इथं चुलत्याला दत्तक दिलं. इथं काही कमी पडलं नाही. पण आई परत कधी भेटायला आली नाही, आणि ती गेल्यावरही का दिलं ते कुणी सांगितलं नाही. इरावतीनं पोर नाइलाजानं सोडलं असं निघालं, तर मला बरं वाटेल. हसायचं तर हसा.

५. दहाव्याला कावळा शिवला नाही, तर ‘घर सांभाळू, हर्षालीचं लग्न करू’ असले वायदे करत ताटकळू नये. माझा जीव तिथं नसणार. बाबामियाँला पुढं करावं. त्यानं पिंडापुढं एवढंच म्हणावं, “हिंमतराव, इरावतीच.”

६. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून बाबामियाँला काहीही देत नाही. सहीच्या निमित्तानं तरी घरी येईल.

येरमाळा, दि. ९ जानेवारी २०२६
(सही) हिंमतराव

वरील सही आमच्यासमोर झाली:

१. (सही) भीमाशंकर, किराणा दुकानदार

२. (सही) बाबामियाँ, शिंपी. सहीखाली माझ्या हातानं लिहितो: हिंमत्या, पिंडापुढं मी खोटं बोलणार न्हाय. सोमवारी संगं येतोय. सातवा भाग आला की तुझ्या उशाशी बसून मीच वाचतो. राणी निघाली तर मोठ्यानं वाचीन. न्हाय निघाली, तर मला चष्मा सापडणार न्हाय.