सोमवारी गंगीला नेऊ नका

मुदखेड,
गुरुवार, ता. २१ जानेवारी १९८८

तीर्थरूप अप्पांस,
दानम्माचे शरणू शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही. अव्वाचे गुडघे कसे आहेत? चंद्रप्पादादाची शरणी दोन वर्षांची झाली, आता चांगली बोलत असेल.

येत्या सोमवारी तुम्ही धाकट्या गंगीला दात घासून टोप्या बसवायला लातूरला नेणार आहात, असं दादाचं कार्ड आलं. पाहुणे बघायला यायच्या आत तिचे दात पांढरे करायचे म्हणे. नेऊ नका. पुढचं सगळं रागानं लिहितेय. वाचा नाहीतर चुलीत घाला, पण एवढं ऐका.

शनिवारी आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या बायांनी घर भरलं होतं. सासूबाईंनी माझ्या तोंडात तिळाची वडी घातली. ती चिवट निघाली, आणि चावताना लग्नाआधी लातूरला बसवलेली माझ्या पुढच्या दाताची टोपी तिच्यासकट हातात आली. खाली राहिला तो खुंट, तांदळाच्या दाण्याएवढा. सगळ्या बायांनी बघितला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे काय?" मी पदर लावून स्वयंपाकघरात पळाले.

माझ्या मालकांनी नंतर एकच विचारलं, "अजून काय काय खोटं हाय तुझ्यात?" अप्पा, चार वर्षं मी त्यांच्यासमोर हसले. गार पाण्यानं मस्तकात कळ जायची तरी तोंड वाकडं केलं नाही. "कुणाला सांगायचं न्हाई, नवऱ्यालाबी न्हाई," असं तुम्हीच बजावलं होतं. आता त्यांना वाटतं माझं हसणंसुद्धा बसवून आणलेलं आहे.

काल त्यांनीच मला नांदेडला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई खुंट बघून हळहळल्या. चांगले मजबूत दात होते म्हणे, फक्त तपकिरी डाग होते, ते वरवर घासून कमी करता आले असते. लातूरच्या त्या माणसानं मुळापर्यंत कानसून टाकले. लातूर जिल्हा झाला म्हणून दातवाल्यांच्या पाट्या लागल्या, आणि आपण पाट्या बघून आत शिरलो.

मग बाईंनी विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?"

मी म्हणाले, बोअरचं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं मारलेली. त्या म्हणाल्या, "तेच. त्या पाण्यात फ्लोराईड आहे. दात उगवायच्या आधी हिरडीतच डागतात."

अप्पा, मला मिसरी लावतेस म्हणून तुम्ही मारलं होतं, आठवतं? अव्वानं शेणीची राख आणि विटेची भुकटी लावून हिरड्यांतून रक्त काढलं. मी घाण आहे, आळशी आहे, हे ऐकतच मोठी झाले. आणि डाग तुमच्या पाण्याचा होता.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ती बोअर सगळ्या गावासाठी होती. आपल्या दारात आली म्हणून तुम्ही पंपाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप लावलं. तुम्ही म्हणायचात, "आपल्या लेकरांनी झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायचं न्हाई. हे कसं निर्मळ हाय, आपण पिऊ." किल्ली माझ्या करदोऱ्याला असायची, मी सात वर्षांची. खालच्या आळीतली लक्ष्मी, माझ्याच वयाची, घागर घेऊन यायची. मी तिला म्हणायचे, जा, नदीत झिरा खांद. ती जायची. ती झिऱ्याचं प्यायली, त्यांची सगळी आळी प्यायली, पुढं त्यांनी आपली विहीर खांदली. मागच्या दिवाळीत ती मला उदगीरच्या स्टँडवर भेटली. तोंड भरून हसली. तिचे दात पांढरे आहेत, अप्पा. आपल्या चार घरांतलीच पोरं तोंडावर हात धरून बोलतात, आणि इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

राग माझ्यावरही आहे. दिवाळीत "गंगीलाही तिथंच दाखवा, बघा माझे कसे झालेत" असं मीच सांगून आले. आरशात बघून मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून हे पत्र.

तर मी रविवारी येते. मालक सोबत येत आहेत. रात्री म्हणाले, "टोपी बसव नाहीतर नको बसवू, पण मला सांगून." तेवढं मला पुरे आहे. पाहुणे येतील तेव्हा गंगीशेजारी मी बसेन, टोपी न लावता. त्यांना पाण्याचं सांगेन. त्यांना नको असेल तर जाऊ द्या.

आणि मी यायच्या आत एक काम करा. शरणीला त्या पंपाचं एक घोटही देऊ नका. तिचे पक्के दात आत्ता हिरडीत तयार होताहेत, असं बाईंनी दोनदा सांगितलं. ते जुनं कुलूप तुमच्या पेटीत असेल, तुम्ही काही टाकत नाही. ते काढा आणि पंपाला लावा.

मग घागर घ्या, खालच्या आळीत जा आणि लक्ष्मीच्या बापाला त्यांच्या विहिरीचं पाणी मागा. दादाला पाठवू नका. तुम्ही स्वतः जा.

तुमच्या कुलपाची किल्ली सांभाळलेली,
दानम्मा