तिघींचे राजीनामे

४ मार्च

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या कारखान्याच्या बुटांना ऑर्डरी मिळाव्यात म्हणून शहरात दारोदार फिरतोय. एक बातमी बरी आहे. कामगारांच्या विम्यातला मालकाचा हिस्सा सरकार वर्षभरासाठी निम्मा करतंय. अट एकच, कुणाला कामावरून काढायचं नाही. कामगारांची प्रतिनिधी म्हणून अर्जावर तुझी सही लागेल. शिलाई खात्यातल्या तिघींनी आपणहून राजीनामे दिलेत, तेवढं त्यात लिहिलंय. वाचत बसू नकोस, सही करून धाड.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शि. सा. न.

वाचत बसले. मुकादमाने तिघींना तुझ्या केबिनमध्ये बसवलं आणि सही केल्याशिवाय दार उघडणार नाही म्हणाला. याला आपणहून म्हणतात? त्यांत चष्मेवाल्या मावशी आहेत, ज्यांनी तुला बुटाला टाका घालायला शिकवलं. या वयात मला कोण घेणार, असं विचारत होत्या. सवलत नोकऱ्या वाचवायला आहे, आणि तू नोकऱ्या खाऊन ती मागतोस. सही मिळणार नाही.

आई तुझ्या खोकल्याची चौकशी करते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी बहीण

१३ मार्च

चि. छोटीस आशीर्वाद, सवयीने.

मला शहाणपण शिकवू नकोस. नव्या मशीनवर तिघींचं काम एकटी बाई करते. सवलत नाही मिळाली तर जूनमध्ये टाळं लागेल. चाळीस जण रस्त्यावर येतील, तेव्हा त्यांच्या ताटात तुझी तत्त्वं वाढ. तुला कामावर मी घेतलं. बाहेरचे वैरी परवडले, घरभेदी नको.

दादा

१८ मार्च

ती. दादास नमस्कार.

टाळ्याची धास्ती मलाही आहे, म्हणून सांगते. तिघी परत कामावर बसल्या की त्याच दिवशी सही करीन. नाहीतर सोमवारी त्यांना घेऊन कामगार कचेरीत जाईन. घडलं ते सांगायला त्या तयार आहेत. तू मला घेतलंस हे खरं, पण बारा वर्षं मी तुझ्याकडे फुकट बसलेली नाही.

बहीण

२ एप्रिल

कामगारांच्या प्रतिनिधीस,

तिघींना परत घेतलं, तुझी सही पोचली, सवलत मंजूर झाली. कारखाना चालेल. परवा कारखान्यात येऊन गेलो, तर मावशींनी मान वर करून पाहिलं नाही. तुझीच करणी.

रविवारी आईकडे तू असलीस तर मी येणार नाही. तिला काय सांगायचं ते तू ठरव. तुलाही काढलं असतं, पण त्या अटीत तूही बसतेस. लोभ नसला तरी चालेल, आठच्या ठोक्याला मशीनवर असावं.

मालक