टाळ्यांच्या गाण्याचे गुण

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीवरूनच). इकडे सगळे बरे आहेत. तुझं कानातलं यंत्र शीळ घालायचं थांबलं का? भाऊजींना सांग, गोळ्या उशीखाली ठेवून रक्तदाब उतरत नाही.

आपली गाण्यांच्या नंबरांची वही पोचली. रेडिओप्रेमींच्या मंडळाला छापायला देण्याआधी बेरजा तपास, असं फर्मावलंस, म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेवलं (घड्याळजीकडे येणाऱ्याला तशी वेळेची पर्वा नसतेच). तपासणं राहिलं बाजूला, नुसता वाचत बसलो. दर बुधवारी संध्याकाळी सातला पहिली दहा गाणी लागायची. तू इस्त्रीच्या टेबलावर वही घेऊन, मी खिडकीच्या गजापाशी रेडिओची तार धरून. हात सोडला की गाणं खरखरीत बुडायचं. पहिल्या वर्षी चौथा नंबर पाच वेळा कोरा आहे, कारण माझं नाक खाजत होतं. तसे बुधवार पुन्हा आले नाहीत, ताई. फार आठवण येते.

त्या वर्षीचा निकाल आठवतो ना? आपण नंबरांचीच बेरीज केली आणि ज्याची बेरीज लहान ते पहिलं ठरवलं. वीस आठवडे पहिल्या नंबरावर बसलेल्या गाण्याचे झाले वीस, आणि एकदाच दहावं येऊन परागंदा झालेल्या गाण्याचे दहा. म्हणजे तेच वर्षातलं सर्वोत्तम! बाबांनी तो निकाल ऑफिसात टाइप करून आणला आणि वर्षभर दारावर लावला. घरात एकालाही शंका आली नाही (गणितात आपलं घराणं पहिल्यापासून दिव्य).

पुढच्या वर्षी मी शोध लावला: पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. तू म्हणालीस, गाणं किती आठवडे यादीत टिकलं तेवढंच मोज. एकदा पहिलं येणं सोपं, दर आठवड्याला हजर राहणं कठीण. मी म्हणालो, मग शाळेत शिपायालाच पहिला नंबर द्या. त्यावरून तू दोन दिवस अबोला धरलास आणि शेवटी माझीच पद्धत चालली. आता चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर कबूल करतो, तुझंच बरोबर होतं. तेव्हा छापताना सगळी वही तुझ्या पद्धतीने मोजावी, ही विनंती. थोरपण मानायला उशीर झाला, क्षमा असावी.

तुझा,
धाकटा

ता. क. दुसऱ्या वर्षीच्या तेविसाव्या आठवड्याची यादी खोटी आहे. तू विषमज्वराने इस्पितळात होतीस. मला तुझ्यापाशी बसवून आई डॉक्टरांकडे गेली ती आठला आली, आणि रेडिओ घरी. तू मला ओळखत नव्हतीस. मी फार घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून तू पहिलं काय विचारलंस, तर तुझ्या लाडक्या गाण्याचं: "टाळ्यांचं गाणं कितवं आलं रे?" मी म्हणालो, "पहिलं." उरलेली नऊ मी व्हरांड्यात बसून रचली.

ता. क. दुसरा. तो आठवडा खोडला तर माझ्या पद्धतीने तुझं गाणं सहा गुणांनी हरतं. तीनदा बेरीज केली. तुझ्या पद्धतीने मात्र चार आठवड्यांनी जिंकतं. माझं मत कसं पालटलं ते मंडळाला कळवायची गरज नाही. तू वाचलीस त्या वर्षी दुसरं कुठलंही गाणं पहिलं आलेलं मला चालणार नाही.